देवाचा चार्ज

परिशिष्टरावांना देवाचं वावडं नव्हतं, वावडं होतं ते रांगेचं. "चार तास ताटकळायचं, आणि देव दिसतोय न दिसतोय तोच कोणीतरी खांद्याला धरून ‘चला, पुढे सरका’ म्हणणार. अहो, हेच मी ऑफिसात रोज लोकांना करतो. रजा टाकून स्वतःवर कशाला करून घेऊ?" असं ते चारचौघांत म्हणत. त्यामुळे बायकोने "गुरुवारी सकाळी एखाद्या देवळात जाऊन येऊ या" असं म्हटल्याबरोबर त्यांनी पहिली अट घातली: गर्दी नको. पुढचा सगळा घोटाळा या दोन शब्दांतून झाला, पण ते त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

परिशिष्टराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका मोठ्या कार्यालयात हेडक्लार्क होते आणि समोर आलेल्या कुठल्याही अर्जावर "सोबत परिशिष्ट जोडावे" असा शेरा मारल्याशिवाय त्यांचा हात थांबत नसे. स्वतःच्या लग्नाच्या रजेच्या अर्जालाही त्यांनी लग्नपत्रिका ‘परिशिष्ट अ’ म्हणून जोडली होती. ‘ब’ म्हणून मुलीचा फोटो जोडलेला होता, तो साहेबांनी परत केला. हे नाव त्यांच्या पाठीमागे निघालं, पण पुढे पुढे समोरूनही येऊ लागलं आणि त्यांना ते आवडलं, कारण त्यात एक दबदबा होता असं त्यांना वाटे.

गुरुवारचं कारण बायकोचं गाणं होतं. मुलं मार्गी लागल्यावर वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तिने गाण्याचा क्लास लावला होता. क्लासचा वार्षिक कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात संध्याकाळी सहाला होता आणि या वर्षी ती एकटी गाणार होती. आधीच्या दोन्ही वर्षी ती घोळक्यात गायली होती आणि दोन्ही वर्षी परिशिष्टराव गेले नव्हते. पहिल्या वर्षी स्टॉक मोजणी होती. दुसऱ्या वर्षी एका कारकुनाची बदली झाली होती आणि चार्ज देता-घेताना एक पंचिंग मशीन कमी भरलं होतं. ते सापडेपर्यंत परिशिष्टरावांनी त्या कारकुनाला अकरा दिवस सोडलं नव्हतं, आणि त्या अकरांपैकी एक दिवस कार्यक्रमाचा होता.

"या वर्षी मला दुसरं काही नको," बायको म्हणाली होती. "सकाळी देवाला जाऊन येऊ, आणि संध्याकाळी तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. तुमची खुर्ची मी धरून ठेवणार आहे."

"अगं, त्यात काय! रजेचा अर्जसुद्धा दिलाय. कारण: देवदर्शन व पत्नीचे गायन. कार्यक्रमाची पत्रिका जोडली आहे."

"वाचलीत का ती?"

"जोडली आहे म्हटलं ना," परिशिष्टराव म्हणाले.

देवळाची निवड मात्र खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी केली. या शेजाऱ्यांना सगळा जिना ‘सर्वज्ञ’ म्हणून ओळखे. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझं ऐका" ने सुरू होई, आणि ऐकलं नाही तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. गॅसची शेगडी, मुलीचं स्थळ, गुडघेदुखी, पासपोर्ट, सगळ्यावर त्यांचा एकच खात्रीचा उपाय असे आणि तो त्यांच्या कुठल्या ना कुठल्या मेहुण्याने करून पाहिलेला असे.

"माझं ऐका," सर्वज्ञ म्हणाले. "बसने दीड तास. आठशे वर्षांचं देऊळ आहे. असले खांब, असलं कोरीव काम, आणि आत चिटपाखरू नाही. माझा मेहुणा जाऊन आलाय. सकाळी गेला तो थेट संध्याकाळी परतला. इतका शांत झाला होता, की दोन दिवस कोणाशी बोललाच नाही."

आठशे वर्षांच्या देवळात चिटपाखरू का नसतं, हा प्रश्न एरवी परिशिष्टरावांनी लेखी विचारला असता. पण ‘गर्दी नाही’ हे ऐकूनच त्यांचं समाधान झालं होतं.

दहाच्या सुमाराला बसने त्यांना गावाच्या वेशीशी उतरवलं. परतीच्या बस दोनच, एक बाराची आणि एक तीनची, हे परिशिष्टरावांनी कंडक्टरकडून दोनदा वदवून घेतलं. देऊळ खरोखरच सुंदर होतं. काळ्या दगडाचे गुळगुळीत खांब, प्रत्येक खांबावर नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या, केस विंचरणाऱ्या बायका, आणि पायरीपायरीला अंगावर येणारा गारवा. दाराशी पुरातन वास्तू सांभाळणाऱ्या खात्याची निळी पाटी होती. तिच्यावर देवळाची माहिती दोन ओळींत आणि शिक्षेची माहिती नऊ ओळींत दिली होती. परिशिष्टरावांनी त्या अकराच्या अकरा ओळी वाचल्या आणि मान डोलावली.

उंबऱ्यावर पुजारी बसले होते. ते हातात जपमाळ घेऊन रस्त्याकडे बघत होते, म्हणजे बसस्टॉपवर नातेवाईक उतरायचा असला की माणूस बघतो तसे. ही दोघं पायऱ्या चढताना दिसली मात्र, आणि पुजाऱ्यांचा चेहरा असा काही उजळला की परिशिष्टरावांना उगीचच आपण कोणी तरी आहोत असं वाटलं.

"या, या, या! आत या. दोघंही उंबरा ओलांडा पाहू आधी. हं, आलात? आलात ना? झालं तर!"

दर्शन फार छान झालं. मागून कोणी ढकलत नव्हतं, पुढे सरका म्हणत नव्हतं. देव हातभर उंचीचा, बसका, गालाने जरा भरलेला आणि चेहऱ्याने थोडा कंटाळलेला वाटला. बायकोने डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. तेवढ्यात पुजाऱ्यांनी कोनाड्यातून एक जाडजूड रजिस्टर काढून परिशिष्टरावांच्या पुढ्यात धरलं.

रजिस्टर म्हटल्यावर परिशिष्टरावांची बोटं शिवशिवू लागली. रकाने व्यवस्थित आखलेले होते. क्रमांक, नाव, हजर झाल्याची वेळ, सही, आणि शेवटी ‘मोकळे करणाऱ्याची सही’. परिशिष्टरावांनी आधी वरच्या दोन क्रमांकांतली चूक दुरुस्त केली, मग पुजाऱ्यांना वेळ ठळक लिहीत जा असं बजावलं, आणि मग आपलं नाव हुद्द्यासकट लिहून खाली झोकात सही ठोकली. बायकोचं नाव वेगळं लिहायचं का, असं पुजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा "कुटुंबप्रमुखाची सही पुरते" असं सांगून त्यांनी पेन मिटलं.

"हा शेवटचा रकाना कसला?" त्यांनी विचारलं.

"ते नंतर येतं," पुजारी म्हणाले.

नंतर येणाऱ्या गोष्टीबद्दल आधी विचारायचं नसतं, हे चौतीस वर्षांच्या नोकरीत परिशिष्टरावांच्या अंगवळणी पडलं होतं. पुजाऱ्यांनी उपरणं झटकलं, पिशवी काखेत मारली आणि ते चपला शोधायला लागले.

"बराय, येतो मी. तीन दिवस दाढ ठणकतेय, पण हलता येत नव्हतं. तुम्ही आलात, देवासारखे आलात. पाणी त्या माठात आहे, उन्हं आली की या खांबामागे सरका."

"आम्हीही निघतोच आहोत. बाराची बस आहे."

"त्या जाऊ शकतात," पुजारी बायकोकडे बोट दाखवून म्हणाले. "तुम्ही बसायचं. सही केलीत ना?"

आणि मग उंबऱ्यापलीकडे उभं राहून, पाऊल चुकूनही आत पडणार नाही अशा बेताने, पुजाऱ्यांनी प्रथा सांगितली. फार वर्षांपूर्वी एका दुपारी या देवळात कोणीच नव्हतं. देवाला एकटं वाटलं आणि देव उठून गेला. तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या गावात सापडला, आणि त्या गावाने तो अकरा वर्षं परत दिला नाही. तेव्हापासून देवाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही असं ठरलं. जो आत येईल त्याने बसायचं. पुढचा माणूस उंबरा ओलांडून आला आणि त्याने सही केली, की आधीचा मोकळा.

"आणि पुढचा माणूस कधी येतो?"

"येतो की," पुजारी मोघम म्हणाले. "तुमच्या आधी मी होतो. मी मंगळवारपासून आहे."

एवढं बोलून ते दुखऱ्या दाढेच्या मानाने फारच तुरुतुरु पायऱ्या उतरले. खाली फुलवाली आपली टोपली आवरत होती. ती मात्र मनाने सरळ होती. तिने वर बघून मोठ्याने सांगितलं, "साहेब, लई उपकार झाले बघा! आज गावात लग्न आहे. नेहमी कोणीतरी एक माणूस इथे अडकून पडतं. आज तुम्ही बसलात, म्हणून सगळं गाव मिळून पंगतीला बसणार. पुजारीकाका तर बारा वर्षांत पहिल्यांदा!"

"पण त्यांची दाढ?"

"दुसऱ्या बाजूने जेवतील," फुलवाली म्हणाली आणि निघून गेली.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, की उठायचं आणि चालू पडायचं. बायको तेच म्हणाली. "अहो, चला. देव कुठे जातोय! आठशे वर्षांचा दगड आहे."

"प्रश्न देवाचा नाहीये," परिशिष्टराव म्हणाले. "मी सही केली आहे."

"कशाखाली केलीत ते तरी कळलं होतं का?"

"ते महत्त्वाचं नाही. सही झाली म्हणजे चार्ज घेतला. घेतलेला चार्ज दिल्याशिवाय जागा सोडता येत नाही. मीच सोडली, तर ज्या माणसाला मी एका पंचिंग मशीनसाठी अकरा दिवस..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, कारण अर्ध्यातच बायकोचा चेहरा बदलला होता.

मग त्यांनी मार्ग काढायचा प्रयत्न सुरू केला. "समजा, तू बाहेर जाऊन परत आत आलीस, तर तू पुढची माणूस होतेस. तू सही केलीस की मी मोकळा."

"आणि मग मी बसू?"

परिशिष्टरावांनी या मुद्द्याचा विचार केला नव्हता. ते घाईघाईने म्हणाले, "मग मी बाहेर जाऊन परत आत येतो." पण लगेच त्यांनाच ते पटलं नाही. एकाच माणसाने चार्ज द्यायचा आणि त्यानेच घ्यायचा, याला कुठल्याही ऑडिटरने हरकत घेतली असती.

बाराची बस गेली. पुढच्या माणसाची वाट बघण्यात दोघंही खांबाला टेकून बसली. माणसं येत नव्हती असं नाही. पण येणारा प्रत्येक जण खालच्या पायरीवर चपला काढी, वर येई, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून हात जोडी, आणि वाघाच्या पिंजऱ्यापाशी राहावं तेवढं अंतर राखून परत फिरे. एका आजोबांनी नजर चुकल्याने एक पाय उचललासुद्धा होता.

"तुम्ही बसलाय का?" त्यांनी पाय तसाच हवेत ठेवून विचारलं.

"हो, हो! या ना आजोबा, आत या. काय गार वाटतं आत! मूर्ती तर इतकी जवळून बघायला मिळते..."

आजोबांनी पाय हळूच मागे घेतला. "घरी गॅस चालू राहिलाय वाटतं," असं पुटपुटत ते उतरले. उतरताना त्यांना गुडघ्यांची काही अडचण आली नाही. नंतर मोटारसायकलवरून एक जोडपं आलं, त्यांनी उंबऱ्याबाहेरून देवाचे, देवळाचे आणि परिशिष्टरावांचेही फोटो काढले. "काकांना जरा ध्यानस्थ बसायला सांग ना," असं ती मुलगी म्हणाली, तेव्हा परिशिष्टरावांना आयुष्यात प्रथमच स्वतःचा हुद्दा ओरडून सांगावासा वाटला.

अखेर त्यांनी रीतसर मार्ग धरला. भिंतीवर ट्रस्टच्या कार्यालयाचा नंबर होता. फोन उचलणाऱ्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बसणाऱ्याला मोकळं करण्याचा अर्ज असतो," तो म्हणाला. "छापील नमुना आहे आपल्याकडे. इथे येऊन स्वतः भरायचा."

"पण मी इथून उठू शकत नाही. तोच तर अर्ज आहे."

"मग अर्ज येणार नाही."

"आणि अर्ज आला नाही तर?"

"तर विचार करता येणार नाही. आणि हो, येताना सोबत जोडायची कागदपत्रं..."

परिशिष्टरावांनी फोन ठेवला. त्यांना संताप आला होता, आणि त्या संतापातही त्या कारकुनाबद्दल कौतुक वाटत होतं. उत्तराला कुठेही फट नव्हती. हेच उत्तर त्यांनी स्वतः हजारो लोकांना दिलं होतं, पण ते ऐकायला असं लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग निळ्या पाटीवरच्या खात्याला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याचा आवाज जेवण झाल्यासारखा होता. "हे बघा, देऊळ आमचं आहे. देव ट्रस्टचा आहे. तुम्ही देवापाशी बसलात की देवळात?"

"दोन्हीकडे."

"खाली काय आहे?"

"दगड."

"मग आमच्या हद्दीत बसलात. परवानगी आहे का? नाही ना? पाच वाजता वास्तू बंद होते. पाचनंतर आत आढळलात तर कारवाई होईल, ते पाटीवर स्पष्ट लिहिलेलं आहे."

"म्हणजे पाचला मला नियमानेच उठता येईल?" परिशिष्टराव आशेने म्हणाले.

"उठावंच लागेल. पाचला. त्याआधीचं आमच्याकडे नाही."

तेवढ्यात सर्वज्ञांचा फोन आला. इथली हकीकत ऐकून त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "तरी मेहुणा काहीतरी सांगत होता," ते म्हणाले. "माझं ऐका. बेशुद्ध पडा. बेशुद्ध माणसाला उचलायला कोणालातरी आत यावंच लागतं. आला की सही घ्या."

"बेशुद्ध माणूस सही कशी घेईल?"

"ते तुम्ही बघा. मी मार्ग सांगितला," असं म्हणून सर्वज्ञांनी फोन ठेवला. परिशिष्टरावांनी तरीही एकदा आडवं होऊन पाहिलं. उंबऱ्याबाहेरून जाणारी एक बाई "झोपले बिचारे" म्हणत आवाज न करता पायऱ्या उतरली.

पावणेतीन वाजले. बायको उठली. तिने पदर नीट केला, पर्समधला छोटा आरसा काढून केस सारखे केले आणि माठातलं पाणी घोटभर प्याली. गळ्यासाठी तिने सकाळपासून गार काही घेतलं नव्हतं, म्हणून तोंडात जरा धरून मगच गिळलं.

"मी जाते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून परिशिष्टराव जास्तच घाबरले.

"अगं, पाचला मी नियमानेच सुटतोय. जरासा उशीर..."

"पाचला सुटून तुम्ही साडेसहाच्या माझ्या गाण्याला कसे पोचणार? बस नाही." ती उंबऱ्यापाशी थांबली. "गंमत बघा. हा देव एकदाच, एका दुपारी एकटा पडला, तर उठून गेला. आणि सगळ्या गावाने तेव्हापासून त्याच्याशेजारी माणूस बसवला. मला बत्तीस वर्षांत एकदाही उठून जायचं सुचलं नाही, बघा."

मग ती पायऱ्या उतरून गेली. तीनची बस आली तशी गेली आणि रस्ता रिकामा झाला.

आता देवळात परिशिष्टराव आणि देव असे दोघंच उरले. अर्धा तास परिशिष्टराव बायकोवर चिडले. पुढचा अर्धा तास ते पुजाऱ्यांवर, सर्वज्ञांवर, त्यांच्या सगळ्या मेहुण्यांवर आणि शेजारच्या त्या गावावर चिडले, ज्याने अकरा वर्षं देव दिला नाही. वेळ जावा म्हणून त्यांनी खांब मोजले. ते अठरा होते. एका खांबावर एक दगडी बाई तोंड उघडून, एक हात कानाशी नेऊन उभी होती. बहुधा गात असावी. तिच्याकडे बघता बघता त्यांच्या मनात आलं, की आपली बायको आज गाणार आहे, पण गाणार काय आहे?

त्यांना आठवेना. पत्रिकेत छापलेलं होतं, आणि पत्रिका अर्जाला जोडलेली होती. वर्षभर ती घरात रियाज करत होती. रोज सकाळी. ते पेपर वाचत, मग फायली चाळत, आणि आवाज वाढला की "जरा हळू" असं म्हणत. ती हळू गाई. मग आणखी हळू गाई. मग स्वयंपाकघराचं दार ओढून घेई. त्या गाण्याचा एक सूरसुद्धा त्यांना आठवेना. परिशिष्टरावांना स्वतःची भयंकर लाज वाटली. एवढी लाज ऑफिसात त्यांना कधी वाटली नव्हती, कारण ऑफिसात त्यांच्या हातून कधी काही राहून गेलं नव्हतं.

सव्वाचारला खाली एक टेम्पो थांबला. लग्न आटोपलं होतं आणि मांडववाल्याच्या खुर्च्या शहरात परत चालल्या होत्या. ड्रायव्हर नळावर तोंड धूत होता.

"शहरात जाताय का?" परिशिष्टराव उंबऱ्याच्या आतून ओरडले.

"हो. निघालोच."

"पाच वाजेपर्यंत थांबाल का? पाचला मी नियमाने मोकळा होतोय."

"पाच? छे हो! सहाला दुसऱ्या हॉलवर मांडायच्यात."

परिशिष्टरावांनी रजिस्टर ओढलं आणि पेन उघडलं. ‘मोकळे करणाऱ्याची सही’ हा रकाना समोर होता. ‘देवाचा चार्ज देवास दिला’ असं लिहावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. वाक्य कायदेशीर होतं, सुटसुटीत होतं, आणि शेवटी देवालाही काही जबाबदारी नको का? पण सही कोणाची घेणार? लिहून ठेवलं आणि सही नसली, तर तो फसवणुकीचा प्रकार झाला असता. त्यांनी पेन मिटलं. रकाना रिकामाच राहिला. चौतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून एकही रकाना रिकामा गेला नव्हता.

उंबऱ्यावर पाय ठेवून त्यांनी मागे वळून पाहिलं. "येतो हं," ते देवाला म्हणाले. "रागावू नका. आणि... कुठे जाऊ नका." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घटकाभर कोणी समोर बसणार नाही म्हणून त्याचा चेहरा जरा सैलावल्यासारखा परिशिष्टरावांना वाटला. मग ते पायऱ्या धावतच उतरले.

टेम्पोत पुढे जागा नव्हती. हेडक्लार्क परिशिष्टराव एकावर एक रचलेल्या बावीस खुर्च्यांच्या माथ्यावर, दोन्ही हातांनी दोर धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला खुर्च्या खणखणत आणि वरची खुर्ची त्यांच्यासकट थोडी सरकत होती. बसायला एवढ्या खुर्च्या असून एकीवरही धड बसता येऊ नये याचा त्यांना राग आला, पण तक्रार कोणाकडे करावी ते कळेना. शहराच्या तोंडाशी टेम्पो वळला. तिथून ते रिक्षा शोधत, नंतर नुसतेच, वाचनालयापर्यंत पळाले. सहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

सभागृहाचं दार बंद होतं. दाराशी छातीवर फीत लावलेला एक स्वयंसेवक उभा होता. वयाने, चष्म्याने आणि उभं राहण्याच्या ढबीने तो परिशिष्टरावांचा सख्खा भाऊ शोभला असता.

"गाणं सुरू असताना दार उघडता येत नाही," तो म्हणाला.

"अहो, आत माझी बायको गातेय!"

"म्हणूनच. गाणारा कोणाचा तरी कोणीतरी असतोच. सगळ्यांसाठी उघडत बसलो तर दार लावायचं कशाला?"

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, हे परिशिष्टरावांइतकं कोणालाच कळलं नसतं. ते दाराशेजारी, चपलांच्या ढिगाऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी दाराला कान लावला.

आवाज आला. आधी कापरा होता, मग हळूहळू स्थिर झाला आणि मग वर चढला. परिशिष्टरावांनी चाल ओळखली. कुकरच्या शिट्यांमधून, नळाच्या धारेमागून, ओढलेल्या दारापलीकडून वर्षभर रोज येणारी हीच ती चाल होती. पण पुढचं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, कारण ज्या जागेवर ते "जरा हळू" म्हणत, त्याच जागेपासून गाणं खरं वर जात होतं. आज तिला कोणी थांबवलं नाही. चपलांमध्ये उभ्या असलेल्या परिशिष्टरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. स्वयंसेवकाने ते पाहिलं, खिशातून रुमाल काढला, पण दार मात्र उघडलं नाही.

टाळ्या फार वेळ वाजल्या. दार उघडलं आणि सर्वांत आधी बायकोच बाहेर आली. तिला पाणी हवं होतं. समोर नवऱ्याला बघून ती थबकली. त्यांच्या केसांत मांडवाच्या झालरीचा एक धागा अडकला होता आणि शर्टावर खुर्च्यांचा गंज लागला होता.

"कधी आलात?"

"तू सुरुवात केलीस तेव्हा. सगळं ऐकलं. इथून."

"म्हणजे आला का तिथे कोणी पुढचा माणूस?"

"नाही."

"मग सही कोणाची घेतलीत?"

"कोणाचीच नाही," परिशिष्टराव म्हणाले. "तसाच उठलो."

बायको काही वेळ त्यांच्याकडे बघतच राहिली. बत्तीस वर्षं ज्या माणसाला ती ओळखत होती, तो हाच का, याची ती खात्री करून घेत असावी. मग तिने हात पुढे करून त्यांच्या केसांतला धागा काढला आणि तो फेकून न देता तसाच बोटाला गुंडाळत राहिली.

"आणि एवढं सगळं करून इथे दाराबाहेर उभे राहिलात? ढकलून आत यायचं ना!"

"अगं, नियम आहे इथला," परिशिष्टराव नाक पुसत म्हणाले. "एका दिवसात मी मोडणार तरी किती?"